मुंबईचा भाचा

अर्नाळा गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. विरारला गाडीतून उतरावे. पश्चिमेला बस धरावी. आगाशी मागे पडली की वाऱ्याला सुक्या मासळीचा वास येऊ लागतो. तो वास आला की समजावे, अर्नाळा आले. समोर समुद्र, समुद्रात बेट आणि बेटावर किल्ला. हा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगिजांकडून घेतला. दोन वर्षांनी, १७३९ साली, चिमाजी आप्पांनी वसईचा किल्लाही घेतला. जवळच वैतरणा नदी समुद्राला मिळते.

पण हा धडा किल्ल्याचा नाही. हा धडा एका मुलाचा आहे. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. तो आता मोठा होईल, नोकरीला लागेल, त्याला ते आवडणार नाही. आपण त्याला भाचा म्हणू. त्याच्या मामाला मामा म्हणू. मामा आमच्या रात्रीच्या वर्गात शिकतो. वय पन्नाशीच्या पुढे. मागच्या वर्षापर्यंत सोसायटीच्या कागदावर अंगठा करीत होता. आता सही करतो आणि हळूहळू वाचतो.

भाच्याचे वय पंधरा वर्षे आणि काही महिने. राहणार मुंबईचा. बाप कंपनीत कामाला, आई घरी शिवणकाम करते. मार्चमध्ये त्याने दहावीची परीक्षा दिली. शेवटचा पेपर झाला आणि घरात रोजची भांडणे सुरू झाली. रात्री एक वाजता घरी यायचे. कुठे होतास म्हटले की दार आपटायचे. जेवायला बोलावले की जेवायचे नाही. एके दिवशी त्याने बापाला विचारले, "तुम्ही तरी काय केलंत आयुष्यात?" बापाने हात उगारला. मुलाने तो हात वरच्या वर धरला.

बापाचा हात मुलाने धरला म्हणजे घरात काय झाले असेल, ते तुम्हांला सांगायला नको. कोणी कोणाला मारले नाही. दोघेही तसेच उभे राहिले. त्या रात्री आईने अर्नाळ्याला आपल्या भावाला फोन केला.

मामा म्हणाला, "पाठवून दे. सुट्टी आहे. मामाचंच घर आहे."

एप्रिलमध्ये भाचा आला. पाठीला पिशवी, कानात फोनच्या वायरी. आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामीने बोंबील तळले. भाच्याने नाकाला रुमाल लावला. "इथे सगळीकडे वास येतो," म्हणाला. मासेमाराच्या लेकीचा मुलगा तो! पण मुंबईत मासळी पिशवीतून येते, साफ होऊन येते. वाळणाऱ्या मासळीजवळ तो कधी राहिलाच नव्हता.

आपल्याकडे भाचा म्हणजे मानाचा. त्याला कोणी रागावत नाही. पहिले आठ दिवस तेच झाले. भाचा अकरा वाजता उठे. चहा पिऊन पुन्हा आडवा होई. संध्याकाळी किनाऱ्यावर एकटा फिरे. रात्री दोन वाजेपर्यंत फोन. मामा पहाटे होडीवर जायला निघे तेव्हा याला नुकती झोप लागलेली असे. एकाच घरात दोघांचे दिवसरात्र उलटे.

आणि मग ती गोष्ट घडली.

मामा रात्री जेवण झाले की दिव्याखाली पुस्तक घेऊन बसतो. बोट ठेवून मोठ्याने वाचतो. आम्हीच तसे सांगितले आहे. मोठ्याने वाचले की कानालाही कळते. त्या रात्री तो वाचत होता, "बो... बों... बोंबील." भाच्याने गुपचूप फोनवर त्याचे चित्र घेतले, आवाजासकट, आणि मुंबईच्या मित्रांना पाठवले. मित्र हसले. त्यांनी आणखी कोणाला पाठवले. फिरत फिरत ते चित्र अर्नाळ्यालाच परत आले. दुसऱ्या दिवशी बंदरावर एका पोराने मामाला पाहून म्हटले, "बो... बों..."

मामा वर्गाला यायचा बंद झाला.

वाचकहो, तुम्हीही मोठेपणी अक्षरे शिकलात. त्यामुळे हे दुःख तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त कळेल. लहान मूल चुकले तर लोक कौतुकाने हसतात. मोठा माणूस चुकला तर तसे हसत नाहीत. पन्नास वर्षे ज्याने समुद्रावर होडी चालवली, त्याला चार अक्षरांनी खाली पाहायला लावले.

तीन वर्ग चुकले तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो. आजीने सगळे सांगितले. भाचा पडवीत खाटेवर लोळत होता. आम्हांला पाहून उठलाही नाही. खरे सांगतो, आमचा हात शिवशिवला. आम्ही जुने मास्तर आहोत. छडी आमच्या हातात वर्षानुवर्षे होती.

पण हात शिवशिवला आणि त्याबरोबर एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला आम्हांला लाज वाटते. तरी सांगतो.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. दत्ता सामंत त्याचे पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संप लांबत गेला. कितीतरी घरांची चूल विझली. अनेकांनी बायकामुले गावी, नातेवाइकांकडे पाठवली. त्या काळात आम्ही एका शाळेत नवे मास्तर होतो. सातवीत असाच एक मुंबईचा मुलगा आला. काकाकडे राहत असे. वर्गात उत्तर देत नसे. प्रार्थनेला हात जोडत नसे. एकदा आम्ही विचारले, "हात का जोडत नाहीस?" तो म्हणाला, "जोडून काय मिळतं?" आम्ही त्याला साऱ्या वर्गासमोर छडीने मारले. तो रडला नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. आम्ही त्याच्या काकाकडे चौकशीलाही गेलो नाही. जिरली, असे मनात म्हणालो. पुष्कळ वर्षांनी तो आम्हांला विरारच्या बाजारात पाठीवर पोते वाहताना दिसला. त्याने ओळख दाखवली नाही. आम्हीही पुढे झालो नाही.

त्याच्या घरी काय चालले आहे, हे आम्ही विचारले असते तर? पण विचारले नाही. आता शाळेत मुलाला मारणे कायद्याने बंद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. कायदा झाला तेव्हा आमच्या सोबतचे काही मास्तर कुरकुरले. आम्ही कुरकुरलो नाही. आमच्या डोळ्यांसमोर ते पोते होते.

तर त्या दिवशी पडवीत आम्ही भाच्याला काहीच बोललो नाही. आत गेलो. मामा जाळे शिवीत बसला होता. आम्ही म्हणालो, "वर्ग चालू आहे."

मामा म्हणाला, "गुरुजी, भाच्यासमोर हसं झालं. आता कशाला?"

आम्ही विचारले, "भाच्याला भरती कधी येते ते सांगता येतं का?"

मामा पहिल्यांदा हसला. "त्याला काय कळतंय! त्याला समुद्र म्हणजे फोटो काढायची जागा."

"मग तोही एका बाबतीत निरक्षरच आहे," आम्ही म्हणालो. "तुम्ही त्याला हसलात का?"

मामा गप्प राहिला. सुई चालूच होती.

इथे थोडे थांबून वाढत्या वयाविषयी सांगितले पाहिजे. या वयाच्या मुलांबद्दल डॉक्टरांनी बरेच शोधून काढले आहे. मुलगा बापाएवढा उंच झाला तरी त्याचा मेंदू पुरता पिकलेला नसतो. मेंदूची वाढ विशी ओलांडली तरी चालू असते. पुढचामागचा विचार करणारा, मनाला लगाम घालणारा भाग सगळ्यांत शेवटी पिकतो. राग, हौस, धाडस हे मात्र आधीच जोरात असतात. मित्र बघत असले की धोका पत्करायची ओढ आणखी वाढते. झोपेचेही तसेच. या वयात शरीराचे घड्याळच मागे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही, सकाळी जाग येत नाही, आणि झोप तर आठ ते दहा तास लागते. म्हणजे अकरापर्यंत झोपणारा मुलगा नुसता आळशी असतो असे नाही. फोन उशाशी असला की ते आणखी बिघडते, हेही खरे.

हे सांगितले म्हणून मुलाला मोकाट सोडावे, असे कोणी समजू नये. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकात आई भित्र्या श्यामला मारून पोहायला पाठवते. ते वाचून पुष्कळ बाप आम्हांला म्हणत, "बघा, मारल्याशिवाय शिकत नाही." पण त्याच आईने मग श्यामला जवळ घेतले होते, लोकांनी तुला भित्रा म्हटलेले मला खपणार नाही असे सांगितले होते. ते कोणी लक्षात ठेवीत नाही. सगळ्यांना शिंपटी तेवढी आठवते.

दुसऱ्या दिवशी मामाने भाच्याला रागावले नाही. फोनचा विषयही काढला नाही. एवढेच म्हणाला, "फुकट बसून कंटाळला असशील. काम करतोस?"

भाचा म्हणाला, "होडीवर नेणार असाल तर करतो."

मामाने नाही म्हटले. होडीवर नेत नाही, कारण वय कमी. शिवाय ओळखपत्र नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हल्ला करणारे समुद्रातून आले होते. तेव्हापासून समुद्रावर जाणाऱ्या मासेमारांना ओळखपत्रे दिली आहेत आणि किनाऱ्यावर तपासणी असते. भाचा चिडला. "मग मी काय टोपल्या उचलू?"

"हो," मामा म्हणाला. "टोपल्याच उचलायच्या आहेत."

मामाचा धंदा डोलीचा. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखे जाळे. ते समुद्रात जागेवर पक्के बांधतात, तोंड प्रवाहाकडे करून. पाणी वाहते आणि मासळी पिशवीत शिरते. जाळे ओढत फिरायचे नाही. पाणीच मासळी आणून देते. म्हणून डोलवाल्याचे घड्याळ म्हणजे पाणी. होडी किनाऱ्याला लागली की घाई सुरू. बोंबील फार नाजूक असतो, अंगात पाणीच पाणी. उन्हात पडला की लगेच मऊ होतो. तो लवकर उतरवायचा, धुवायचा आणि बांबूच्या वलांडीवर वाळत घालायचा. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. चांगले ऊन-वारे मिळाले तर काही दिवसांत खडखडीत वाळतात.

भाच्याचे काम असे ठरले. होडी यायच्या वेळी टोपल्या घेऊन किनाऱ्यावर हजर राहायचे आणि मामीबरोबर माल वर आणायचा. मामीचा नेहमीचा गडी आजारी होता. त्यामुळे हे काम खोटे नव्हते. मुलाला गुंतवायला म्हणून काढलेले काम मुलाला लगेच ओळखू येते.

पहिले दोन दिवस तो आला. वासाला नावे ठेवीत आला, पण आला. तिसऱ्या दिवशी वद्य त्रयोदशी होती. मामा रात्री सांगून गेला होता, "उद्या पावणेदहाला." भाचा झोपून राहिला. आजीने दोनदा हाक मारली. होडी लागली. मामी एकटीच. तिने जमेल तेवढे वाहिले. एप्रिलचे ऊन तुम्हांला माहीत आहे. भाचा डोळे चोळीत आला तेव्हा अकरा वाजले होते. दोन टोपल्या माल मऊ पडला होता. तो वाळत घालण्याच्या लायकीचा राहिला नाही.

मामीचे हात मीठपाण्याने लाल झाले होते. ती काही बोलली नाही. मामाही रागावला नाही. म्हणाला, "आज दोन टोपल्या गेल्या." बस्स. हिशेबाच्या वहीत त्याने ते लिहिलेही. स्वतःच्या हाताने लिहिले, 'दोन टोपली गेली.' भाचा ते बघत उभा होता. वाकडीतिकडी अक्षरे होती. या वेळी तो हसला नाही.

संध्याकाळी त्याने मामाला विचारले, "तुम्हांला रात्रीच कसं कळलं, पावणेदहा?"

हे गणित जुने आहे. आपल्या किनाऱ्यावर आजेपणजे ते तोंडी करीत. कोणतीही तिथी घ्या, शुद्ध असो वा वद्य. तिची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, तेवढ्या वाजता पुरी भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा. दिवसाही आणि रात्रीही तेच. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या जास्त वेळाने पुरी ओहोटी. आम्ही शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करायचो. पाऊणकी कशाला लागते असे पोरे विचारीत. कशाला लागते ते अर्नाळ्याला येऊन बघावे!

याचे कारण आकाशात आहे. चंद्र समुद्राचे पाणी ओढतो, सूर्यही थोडे ओढतो. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज जवळजवळ तेवढीच पुढे सरकते. पौर्णिमेला आणि अमावास्येला चंद्र-सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. ते उधाण. अष्टमीच्या आसपास ओढ तिरपी पडते, पाणी कमी हलते. तो भांग.

भाचा म्हणाला, "एवढं कशाला? फोनवर भरतीची वेळ दिसते."

"दिसते ना?" मामा म्हणाला. "मग आज का नाही दिसली?"

भाच्याने फोन काढला. आपले गणित आणि फोन यांचा मेळ घालून पाहिला. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. "बघा, तुमचं चुकतं," तो म्हणाला. त्याला फार आनंद झाला.

मामा म्हणाला, "चुकतंच थोडं. म्हणून आम्ही अर्धा तास आधी जाऊन बसतो."

हे उत्तर आम्हांला फार आवडले. आम्ही तिथेच होतो. मास्तर लोकांना चूक कबूल करणे जड जाते.

त्यानंतर एक वेगळीच गंमत सुरू झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथ्या बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. मामाला तिथी चंद्रावरून कळते, पण ती बारीक अक्षरे वाचता येत नव्हती. 'चतुर्दशी', 'पौर्णिमा' अशी जोडाक्षरे. भाचा ती वाचून दाखवू लागला. मग मामाकडून वाचून घेऊ लागला. रफार कुठे लागतो ते बोटाने दाखवू लागला. मामा अडखळला की थांबून राही. त्याने माफी मागितली का, असे तुम्ही विचाराल. नाही मागितली. ते चित्र त्याने आपल्या फोनमधून पुसले, एवढे आजीकडून कळले. पण एकदा दुसऱ्याच्या फोनमध्ये गेलेले चित्र परत आणता येत नाही. बंदरावरचा तो पोरगा अजून अधूनमधून "बो... बों..." करतोच. पुढच्या वर्गाला मामा आला. मागे वीस पावलांवर बॅटरी घेऊन भाचा होता. तो आत आला नाही. बाहेर ओट्यावर फोन बघत बसला.

पुढे पौर्णिमा झाली. वद्य द्वितीया रविवारी आली. त्या दिवशी सकाळी आठ वाजता भाच्याचे तीन मित्र मुंबईहून आले. त्या वेळी ओहोटी नुकतीच होऊन गेली होती. उधाणाचे दिवस, त्यामुळे वाळू लांबवर उघडी पडली होती. किनाऱ्यापासून दूर वाळूचा एक उंचवटा दिसत होता. मित्र तिथे फोटो काढायला गेले. भाचा टोपल्या रचीत होता. त्याला दीड वाजता कामावर जायचे होते. द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड.

साडेनऊला त्याने मान वर केली. तिघे अजून तिथेच होते.

भरती सारखी चढत नाही, हे नीट समजून घ्या. पहिले दोन तास पाणी हळू चढते. मधले दोन तास झपाट्याने चढते. शेवटचे दोन तास पुन्हा हळू. शिवाय पाणी नेहमी समोरूनच येते असे नाही. उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये चर असतो. आधी तो भरतो. उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाचे पाय कोरडे असतात आणि त्याच्या पाठीमागे परतीची वाट बुडालेली असते.

भाचा पाण्याच्या कडेपर्यंत धावला. ओरडला, "परत या! पाणी भरतंय!" ते हसले. एक जण म्हणाला, "आला मोठा कोळी!" भाच्याने शिव्या दिल्या. कोणत्या, ते आम्ही लिहीत नाही. त्या ऐकून दोघे निघाले. कंबरभर पाण्यातून आले. तिसरा मागे रेंगाळला. तो चरापर्यंत आला तेव्हा पाणी छातीला लागले. त्याला पोहता येत नव्हते. पाय सुटले आणि तो वाहू लागला.

भाचा उडी टाकणार होता. त्याला थोडेफार पोहता येते, तरणतलावातले. पण मामाने त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. बुडणाऱ्याजवळ रिकाम्या हाताने जायचे नाही. बुडणारा माणूस मिठी मारतो, आणि मग दोघे जातात. वाळूवर जाळ्याचे प्लास्टिकचे बोये पडले होते, पोकळ, तोंड बंद केलेले. भाच्याने दोरीसकट एक उचलला आणि चरात फेकला. पहिला दूर पडला. दुसरा मुलाच्या हाताला लागला. "सोडू नको! धरून ठेव!" भाचा ओरडत होता. आरडाओरडा ऐकून बंदरावरचे दोघे जण धावले. तिघांनी मिळून दोरी ओढली. त्या दोघांत एक तो "बो... बों..." करणारा पोरगा होता, हेही सांगून टाकू.

मुलगा बाहेर आला. खोकला, ओकला, मग रडला. थोड्या वेळाने म्हणाला, मी ठीक आहे. मामीने ऐकले नाही. त्याला दवाखान्यात नेले. तिने बरोबर केले. नाकातोंडात समुद्राचे पाणी गेलेला माणूस बरा दिसला तरी डॉक्टरला दाखवावा. छातीत पाणी गेले असेल तर त्रास काही तासांनीही होतो.

वाचकहो, अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव, सगळीकडे सुट्टीत मुंबईचे लोक येतात. तुमच्याही घरी पाहुणे येत असतील. पाहुण्यांना आधी तिथी सांगा, मग चहा द्या. ओहोटीच्या वेळी पोहायला जाऊ देऊ नका. पाणी आत ओढते, आणि नदीच्या मुखाशी तर नदीचे पाणीही त्याला मिळते. कोणी अडकला तर ११२ हा आकडा फिरवा. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, सगळ्यांना तो एकच चालतो. मुलांसाठी १०९८ हा वेगळा आकडा आहे. मूल संकटात असेल, घरातून निघून गेले असेल, कोणी त्याला छळत असेल, तर तिथे मदत मिळते. पैसे पडत नाहीत.

त्या संध्याकाळी मुलाचे आईबाप आले. मामानेच फोन करून सगळे सांगितले होते. काही घरांत अशी गोष्ट लपवतात. आपल्या दारात झाले म्हणून भितात. मामाने लपवले नाही. बाप आला तो घुश्शातच. "तुझ्या मित्रांमुळे झालं," म्हणून पुढे झाला. मामा मध्ये उभा राहिला. "भावजी, आधी चहा घ्या. मग त्याला विचारा, आज भरती किती वाजता होती ते."

बापाने विचारले नाही. पण रात्री दोघे पडवीत बसले होते, एवढे आम्ही पाहिले. काय बोलले ते ठाऊक नाही. बराच वेळ कोणीच बोलत नव्हते, असे आजी म्हणाली.

पोरगा सुधारला, असे मात्र समजू नका. त्यानंतर चारच दिवसांनी त्याने मामाची स्कूटर न विचारता नेली आणि आगाशीपर्यंत जाऊन आला. मामा या वेळी खरोखर संतापला, आणि ते योग्यच होते. २०१९ साली मोटारवाहन कायदा कडक झाला आहे. वयात न आलेल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. मामाने हे सगळे वर्गात वाचले होते. त्याने तो धडा आणून भाच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मोठ्यानं वाच." भाच्याने वाचले. वाचताना तो 'नोंदणी' शब्दाला अडखळला. घरात कोणी हसले नाही.

मेअखेर होड्या वर ओढल्या. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. भाचा मुंबईला गेला. जाताना सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन गेला. गाडीत वास येईल म्हणून चार कागदांत गुंडाळली. घरी अजून भांडणे होतात, असे त्याची आई फोनवर सांगते. दार आपटणे कमी झाले आहे. गेलेले नाही.

आता तुमचे काम. घरातले कॅलेंडर काढा. आजची तिथी वाचा. अडले तर घरातल्या मुलाला विचारा. तिथीची पाऊणपट करा आणि भरतीची वेळ वहीत लिहा. मामाने आमच्या फळ्यावर पंचमीचे गणित घातले आहे. पंचमीला पुरी भरती किती वाजता? त्या दिवशी टोपल्या घेऊन किनाऱ्यावर किती वाजता जावे?

दोन्ही उत्तरे लिहा. ती एकच नाहीत.